फॉरवर्डच्या खालच्या दोन ओळी

आकाराम साळोखे यांना आलेला एकही ई-मेल उत्तरावाचून राहत नसे. सूर्योदयाच्या चित्रावर लिहिलेला सुविचार असो, कोमट पाण्यात लिंबू पिळून पिण्याचे फायदे असोत, की हा मजकूर अकरा जणांना पाठवला नाही तर घरात काय अनिष्ट घडेल याची धमकी असो, आकाराम चष्मा लावायचे, वरपासून अगदी खालपर्यंत वाचायचे आणि दोन बोटांनी टाइप करायचे: "आपला ई-मेल मिळाला. मजकूर वाचला. लिंबाचा प्रयोग आम्ही पूर्वी केला आहे, पित्त वाढते. आपली प्रकृती कशी आहे ते कळवावे. कळावे."

त्यांची सगळी नोकरी एका सहकारी सूतगिरणीच्या आवक-जावक टेबलावर गेली होती. आलेल्या पत्रावर शिक्का मारायचा, ते ज्या खात्याचं असेल तिकडे पोचवायचं आणि उत्तर बाहेर पडेपर्यंत त्या खात्याच्या मागे लागायचं. साळोखे दारात दिसले की मोठे साहेबसुद्धा टेबलावरचे कागद चाळायला लागत. गिरणी बंद पडली, आकाराम घरी बसले, पण ही सवय हातातून गेली नाही.

कोल्हापुरात शिवाजी पेठेत, तालमीच्या मागच्या गल्लीत त्यांच्या दोन खोल्या. पत्नी वारलेली. एकुलती एक मुलगी तेजस्वी लग्न होऊन पुण्याला. सासरी जाताना तिनं आपला कॉलेजचा कंप्युटर बाहेरच्या खोलीत मांडून दिला आणि वडिलांना ई-मेल शिकवला. "रोज बोलू आपण, पप्पा," असं म्हणाली होती. पहिलं वर्षभर ती रोज लिहायची. जेवायला काय केलं, ऑफिसात कोण काय म्हणालं, असं काहीबाही. मग नोकरी वाढली, मूल झालं, आणि तिच्या नावावर येणाऱ्या ई-मेलमध्ये तिचे स्वतःचे शब्द कमी होत गेले. शेवटी शेवटी तीही कुणाचं तरी आलेलंच पुढे ढकलायची.

बाकीचे नातेवाईक तेच करायचे. जगाचं हे सगळं आता मोबाईलवर चालतं, पण आकारामांचा फोन बटणांचा. म्हणून त्यांच्या वाट्याचे सुविचार त्यांच्या ई-मेलवर येऊन पडायचे. मेव्हणा, पुतण्या, गिरणीतले जुने सोबती, व्याही. रोज सकाळी कंप्युटरवरचं फडकं काढलं की ढीग तयार.

तालमीच्या कट्ट्यावर पिराजी नावाचे त्यांचे एक सोबती बसायचे. त्यांची दुधाची डेअरी आता मुलगा बघतो, त्यामुळे त्यांना दिवसभर वेळ.

"काय नाना, झालं का टपाल?" पिराजी विचारायचे.

"झालं. आज लई हुतं."

"एवढ्यास्नी उत्तरं देतासा, एकानं तरी परत काय लिवलंय का?"

"बाबासो लिवतोय की."

"एक बाबासो सोडून बोला."

मैदानावरून तालमीच्या फुटबॉल संघाची पोरं सराव करून परत यायची, मग बोलणं खेळावर जायचं.

बाबासो मगदूम हे इचलकरंजीचे यंत्रमागवाले. गिरणीचं सूत घ्यायला यायचे आणि सुताच्या तक्रारीचं पत्र आकारामांच्या टेबलावर आपटून म्हणायचे, "सायेब, उत्तर कवा?" आकाराम तारीख सांगायचे आणि त्या तारखेला उत्तर जायचं. साऱ्या गिरणीत शब्द पाळणारा एवढा एकच माणूस आहे, असं बाबासो चारचौघांत सांगायचे. तिथून मैत्री झाली. गिरणी गेली तरी ती राहिली.

जन्मभर मागांच्या खडखडाटात उभं राहून बाबासोंचे कान गेले होते. फोनवर बोलायचं म्हणजे दोघांनीही ओरडायचं आणि ऐकू मात्र एकालाच यायचं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांचं कोल्हापूरला येणंही थांबलं. उरला तो शेडच्या ऑफिसातला कंप्युटर. त्यावर सुताचे दर यायचे. आलेला दर भावाला पुढे कसा पाठवायचा एवढं एका दलालानं बाबासोंना दाखवून ठेवलं होतं. तेवढंच त्यांना येत होतं. नवीन कोरा ई-मेल कसा उघडतात ते त्यांनी कधी शिकून घेतलं नाही.

"आन् शिकून तरी काय करू?" एकदा आकाराम इचलकरंजीला गेले असताना बाबासो म्हणाले होते. "कोऱ्या कागदावर एकदम आपलंच रडगाणं? कुणाच्या घरी जाताना आपण मोकळ्या हातानं जातोय काय? चार केळी तरी नेतोयच की. तसं ह्ये. आधी द्येवाचा फोटू, मग आपलं."

त्यामुळे बाबासोंचा ई-मेल म्हणजे कुणीतरी धाडलेला भगवान बाहुबलीचा किंवा गुलाबांचा फोटो, त्याखाली तो ज्यांच्या ज्यांच्या हातून आला त्यांचे पत्ते, त्याखाली कुठल्याशा शुभेच्छा, आणि बोट दुखेपर्यंत खाली गेल्यावर, अगदी तळाला, इंग्रजी अक्षरांत मराठीच्या दोन ओळी. "पाय आज बरा हाय. सून पुण्याला गेली, घर मोकळं. तुमचं पित्त कसं?" या दोन ओळींसाठी आकाराम सकाळी उठायचे, असं म्हटलं तर ते फार खोटं होणार नाही. त्यांना स्वतःहून कुणी काही विचारत असेल तर ते तेवढंच होतं.

घोटाळा झाला तो व्याह्यांच्या ई-मेलवरून.

तेजस्वीचे सासरे उदयसिंहराव रोज सकाळी पन्नास-साठ जणांना काही ना काही पाठवायचे. चैत्रातल्या एका सकाळी त्यांनी एक लांबलचक कविता पाठवली. लेकी सासरी गेल्या तरी त्यांचा जीव माहेरात कसा अडकलेला असतो, अशा अर्थाची. आकारामांनी ती दोनदा वाचली आणि उत्तर लिहिलं:

"आपला ई-मेल मिळाला. कविता चांगली आहे. परंतु वस्तुस्थिती तशी नाही. आमची कन्या गौरी-गणपतीस आली नाही व दिवाळीसही आली नाही. जोतिबाच्या यात्रेस येते असे म्हणाली होती, तेही राहिले. आपणांकडून काही अडचण असल्यास कळवावे. कळावे."

आणि हे उत्तर त्यांनी सगळ्यांना पाठवलं. ज्यांना मूळ पत्राची प्रत गेली त्यांना उत्तराचीही प्रत गेली पाहिजे, हा आवक-जावकचा नियम. तेजस्वीच्या दिराला गेलं, नणंदेला गेलं, जावयाच्या ऑफिसातल्या दोघांना गेलं, सासूबाईंच्या भिशीतल्या बायकांनाही गेलं.

पुढच्या शनिवारी तेजस्वी एकटीच आली. पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाली, "पप्पा, अहो काय लिहिलंत हे?"

"का? खोटं हाय?"

"खरंखोटं राहू दे. सगळ्या गावाला कशाला सांगायचं? सासूबाई चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत."

"प्रत त्यास्नी हुती. मग उत्तराची प्रत नको?"

"ही गिरणी नाही, पप्पा! मला फोन करून रागवायचं होतं."

"फोन केला की तू म्हणतीस मीटिंगमधी हाय."

तेजस्वीनं पिशवी खाली ठेवली. मग तिनं स्वयंपाकघरात जाऊन डबे पाहिले, फ्रिज पुसला, पिठलं-भाकरी केली. जेवण झाल्यावर ती कंप्युटरसमोर बसली.

"हे बघा, इथं मी एक चाळणी लावून ठेवते. हे सुविचार, लिंबूपाणी, धमक्या, काही तुमच्यासमोर येणारच नाही. परस्पर कचऱ्यात. तुम्हालाही त्रास नको, त्यांनाही नको."

"आन् खरी पत्रं?"

"खरी येतील की. कुणी तुम्हाला म्हणून लिहिलं असेल, ते सगळं समोर दिसेल."

आकारामांनी मान हलवली. त्यांच्या हिशेबी बाबासोंचं पत्र खरं होतं, त्यामुळे विचारायचं काही राहिलं नव्हतं. चाळणीला मात्र तळाच्या ओळी वाचता येत नाहीत. ती विषयाच्या जागी फॉरवर्डची खूण आहे का एवढंच बघते. तेजस्वीला हे माहीत होतं आणि आकारामांना नव्हतं. बाबासो तळाला लिहितात हे आकारामांना माहीत होतं आणि तेजस्वीला नव्हतं. एकमेकांना विचारायचं दोघांच्याही मनात आलं नाही. संध्याकाळच्या गाडीनं ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फडकं काढलं तर कंप्युटरवर विजेच्या बिलाची सूचना होती. बाकी काही नाही. आकारामांना बरं वाटलं. लवकर उठून ते मंडईत जाऊन आले. तिसऱ्या दिवशी बँकेची सूचना होती. त्यांनी तिलाही उत्तर लिहिलं, ते परत आलं. या पत्त्यावर उत्तर स्वीकारलं जात नाही, असं त्यावर लिहिलेलं होतं.

आठवडा गेला. बाबासोंचं काही नाही. आकाराम मनाशी उजळणी करू लागले. शेवटच्या उत्तरात आपण काय लिहिलं होतं? बाबासो माग विकावेत की ठेवावेत अशा घोळात वर्षभर होते आणि आकारामांनी वैतागून लिहिलं होतं, "चाळीस वर्षे त्या लोखंडास तेल घातलेत. आता भंगारवाल्यास बोलवा आणि मोकळे व्हा. तोच तोच विषय पुन्हा नको." लिहिताना ते सरळ वाटलं होतं. आता ते अंगावर यायला लागलं. मागवाल्याला त्याच्या मागाबद्दल भंगार म्हणायचं म्हणजे काय!

"रागावला असंल," पिराजी म्हणाले.

"एवढ्यावरनं?"

"नाना, माज्या म्हशीला कोन असं म्हणालं असतं तर मी त्याचं त्वांड बघितलं नसतं."

"मग मी काय करू?"

"लिवा की. एवढ्या जगाला लिवतासा."

दोन दिवस आकारामांनी तग धरला. मग लिहिलं: "आपले पत्र नाही. मागील पत्रातील मजकुराचा राग आला असल्यास तसे स्पष्ट कळवावे. कळावे." उत्तर आलं नाही. आता मात्र त्यांचीही मान ताठ झाली. विचारलं, तरी बोलत नाही, तर राहू दे. ते कंप्युटरवरचं फडकं काढेनासे झाले. कट्ट्यावर जास्त वेळ बसू लागले, पण लक्ष नसायचं. मॅचला गेले तरी गोल झाला की सगळे ओरडायचे आणि आकाराम कुणी मारला म्हणून विचारायचे. घरी आल्यावर भात टाकताना ते एकटेच मोठ्यानं बोलायचे, "एवढं काय म्हणलो मी?" आणि मग दार उघडं आहे का ते बघायचे.

ज्येष्ठ संपत आला तेव्हा एका रविवारी दुपारी त्यांनी तेजस्वीला फोन लावला.

"तेजू, मीटिंगमधी न्हाईस न्हवं?"

"नाही पप्पा, बोला. बरं आहे ना?"

"बाबासो मगदूमांचं पत्र न्हाय. दोन महिनं हुत आलं. तुला तिथनं माजं खातं दिसतंय म्हणाली हुतीस. बघ जरा, मशीन बिघडलंय का."

"मगदूम काकांचं?" तेजस्वी म्हणाली. "अहो, त्यांचे तर सगळे फॉरवर्डच असतात. बाहुबली, गुलाब. ते कचऱ्यात जात असतील. आपण चाळणी लावली ना."

"त्येच्या खाली लिवलेलं असतंय."

"कशाच्या खाली?"

"फोटूच्या. पत्त्यांच्या. तळाला. शेवटपतोर जा."

पलीकडे टिकटिक ऐकू आली. मग तेजस्वी वाचायला लागली. पुण्यात राहून पालटलेल्या तिच्या बोलण्यात बाबासोंचे शब्द अडखळत होते.

"'परत सांगतो, बरूबर बोललासा. कुणीतरी बोलाया पायजेच हुतं. माग दिलं. मंगळवारी टेम्पो येणार. तुमी या. एकट्याला बघवणार न्हाय.'"

"कुठल्या मंगळवारी?"

"होऊन गेला, पप्पा. मागच्याच्या मागचा." तिनं पुढचा ई-मेल उघडला. "'आला न्हाईसा. यस्टी चुकली असंल.' मग पुढचा... 'सायेब, पयलंच लिवलं की, मला कसला राग? तुमास्नीच आलाय काय? चार येळा लिवलं, उत्तर न्हाय.' आणि हा शेवटचा आहे. 'हापिस मोकळं केलं. कंप्युटर उद्या जानार. मग लिवायचं न्हाय. जिवाला जपा.'"

आकारामांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"याच्या आधीचे गेले," तेजस्वी म्हणाली. "कचऱ्यातलं महिन्याभरात आपोआप पुसलं जातं. पप्पा, मी कधी एवढं खाली जाऊन बघितलंच नाही. मला वाटलं नुसतेच..."

"तुला काय म्हाईत. आसू दे."

"मी काढते ती चाळणी."

"काढ."

"तुम्ही रडताय का?"

"न्हाय बाळ. ठेव आता. मला उद्या सकाळी निघायचं हाय."

इचलकरंजीच्या त्या गल्लीत दोन्ही बाजूंनी शेड आहेत आणि दिवसरात्र जमीन हादरत असते. नव्या माणसाचं डोकं उठतं. त्या सगळ्या खडखडाटात एका दारातून मात्र काहीच आवाज येत नव्हता. बाबासो दारात स्टूल टाकून बसले होते. आकारामांना पाहून ते उठले नाहीत.

"कोन म्हणायचं पावणं?" ते ओरडले. "वाट चुकलासा जणू?"

आकाराम त्यांच्या कानाशी वाकले. "पत्रं मिळाली न्हाईत! पोरीनं कंप्युटरला चाळणी लावली हुती, त्यात गेली!"

"पोरीनं माजी पत्रं टाकून दिली?"

"पोरीनं न्हाय! मशीननं!"

"मशीनला काय कळतंय, त्ये माजं पत्र हाय का कुणाचं?"

"न्हाय कळत! तेच सांगतोय!"

"मग कळत न्हाय तर टाकतंय कशाला?"

समोरच्या शेडमधले दोन कामगार दारात येऊन ऐकत उभे राहिले होते. आकारामांनी आणखी एकदा सुरुवातीपासून सांगितलं, व्याह्यांच्या कवितेपासून. बाबासोंनी कान पुढे केला, मान हलवली, आणि शेवटी हातानंच थांबवलं.

"ऱ्हाऊ दे. मला त्यातलं काय उमगत न्हाय. तुमी जाणूनबुजून आला न्हाईसा असं न्हवं न्हवं?"

"न्हाय. आईशप्पथ न्हाय."

"मग झालं. आत या."

आत फरशीवर मागांच्या जागा उमटल्या होत्या. तेलानं काळे पडलेले चौकोन आणि त्यांच्यामधून माणसाच्या चालण्याची फिकट वाट. भिंतीवरची ट्यूबलाइट तशीच होती. एका कोपऱ्यात सुताचा कचरा लोटून ठेवला होता. बाबासो त्या वाटेनंच चालले, चौकोनांवर पाय न देता.

"त्या मंगळवारी सकाळी टेम्पो आला. चार पोरं, हातात घण आन् पाने. म्हणाली, आजोबा, बाजूला व्हा. म्या म्हणलं, जरा दम धरा, माजं एक माणूस यायचं हाय. ती हसली. मग म्या कोपऱ्यावर गेलो, यस्टी बघून आलो. तवर एक माग न्हाई. परत गेलो, दुसरी यस्टी. तुमी न्हाईसा. आलो तर आनी एक कमी. असं दिसभर. यस्टी आन् माग, यस्टी आन् माग."

आकाराम मध्येच एका चौकोनापाशी थांबले. काही बोललं तरी ते ओरडूनच बोलावं लागणार होतं.

"आता सप्टंबरात पोरगं मला पुण्याला नेतंय," बाबासो म्हणाले. "नवव्या मजल्यावर. सून म्हणती, मामा, तिथं लिफ्टमधी बोलायचं न्हाय, ग्यालरीत बोलायचं न्हाय, लोक तक्रार करत्यात. मी लई मोठ्यानं बोलतोय म्हणं. खरं सांगू, मला तर ऐकूच येत न्हाय मी किती मोठ्यानं बोलतोय ते. हितं माग चालू हुतं तवर कुणी काय म्हणालं न्हाय."

मोकळ्या शेडमध्ये त्यांचा आवाज पत्र्यावर आपटून परत येत होता. ते आकारामांजवळ आले, त्यांचा दंड धरला आणि चेहऱ्याकडे निरखून बघत विचारलं, "सायेब, तुमी खोटं बोलणार न्हाईसा. मी वरडतोय का?"

आकारामांनी डोकं हलवून नाही म्हटलं.

"न्हाय न्हवं?" बाबासो एवढ्या मोठ्यानं म्हणाले की समोरचा कामगार पुन्हा दारात येऊन डोकावला. "मग बसा. सांगतो तुमास्नी सगळं. पयल्यापासनं."

बसायला काही नव्हतं. आकाराम फरशीवरच बसले, आणि बाबासो सांगत राहिले.